पहिला शब्द कोण देणार?

आमगाव
८ सप्टेंबर २०२४

मंजूताईंना भाग्यश्रीचा नमस्कार.

तुम्ही मला एकदाच पाहिलं, आमच्या लग्नात, तेही मी शालूत गुंडाळून बसली होती तेव्हा. तुमच्या मावसभावाची, हेमेंद्रजींची, मी बायको. फोन न करता मेलवर एवढं लांब पत्र काऊन लिहून राहिली, असं वाटेल तुम्हाला. आमच्या घरी फोन स्पीकरवरच होतो. सासूबाई म्हणतात, कानाला लावला की ऐकूच येत नाही. मग फोन अंगणात खाटेवर ठेवायचा, आणि शेजारच्या बायासुद्धा उत्तरं देतात. हेमेंद्रजींनी ‘कशी आहेस’ विचारलं की चारचौघी सांगतात मी कशी आहे. तिथं मी नापास झाली हे कसं बोलायचं?

हो, नापास झाली. हेमेंद्रजींकडे आता तिकडचा पासपोर्ट आहे. मला त्यांच्याकडे राहायला यायचं तर आधी इकडंच डच भाषेची परीक्षा द्यावी लागते. ऑगस्टमध्ये मुंबईला जाऊन दिली. वाचायच्या पेपरात पास झाली. बोलायच्या पेपरला समोर कॉम्प्युटर आणि कानाला हेडफोन. एक बाई प्रश्न विचारते, मग टुंग वाजतं, मग आपण बोलायचं. टुंग वाजलं आणि माझं तोंड बंद. ताई, लग्नाआधी मी आपल्या भागातल्या झाडीपट्टीच्या नाटकात, गावोगावी रात्रभर चालते त्या, काम करायची. गावच्या गाव बसलेलं असते समोर, तिथं कधी घाबरली नाही. आणि इथं एका मशीनपुढं वाचा गेली!

पुढची परीक्षा फेब्रुवारीत आहे. तीही गेली तर काय, ते हेमेंद्रजी बोलत नाहीत, नुसतं ‘बघू’ म्हणतात. लग्नाला दोन वर्षं होऊन राहिली आणि संसार काय तो एका सुट्टीपुरता झाला. रात्र रात्र डोळा लागत नाही. शब्द येतात मला, पण कोणता कुठं बसवायचा त्याचा मेळ लागत नाही. हेमेंद्रजी सांगत होते, तुम्ही तिकडं नव्या लोकांना डच शिकवता. मला शिकवाल का?

तुमची,
भाग्यश्री


उत्रेख्त
१५ सप्टेंबर २०२४

चि. भाग्यश्री,

शिकवीन. पण माझा राग सहन करावा लागेल. इथले विद्यार्थी पाठीमागे मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

देवनागरीत लिहिते, म्हणजे तू मोठ्यानं वाचशील. पहिली गोष्ट: डच वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवर बसतं. एसटीत कंडक्टरची सीट ठरलेली असते ना, तशी. ‘इक ड्रिंक न्यू थे’, मी आत्ता चहा पिते. आता तुला ‘आत्ता’वर जोर द्यायचाय, ‘न्यू’ला पुढं आणायचंय. आणून बसव. पण मग ‘इक’ म्हणजे ‘मी’ उठून क्रियापदाच्या मागे जाणार: ‘न्यू ड्रिंक इक थे’. ड्रिंक जागचं हललं का? नाही. आपले सगळे लोक ‘न्यू इक ड्रिंक’ म्हणतात आणि मग विचारतात, चुकलं कुठं. पहिल्या जागेवर कुणालाही बसव, दुसरीवर फक्त क्रियापद.

दोन क्रियापदं असली तर दुसरं पार शेवटी जातं. ‘इक विल मोर्खन नार गोंदिया खान’, मला उद्या गोंदियाला जायचंय. ‘विल’ दुसऱ्या जागी, ‘खान’ म्हणजे जाणं, ते शेवटी. आणि बघ, ‘कधी’ आधी आलं, ‘कुठं’ नंतर. ‘ओमदात’ म्हणजे ‘कारण’. तो आला की त्याच्या मागचं क्रियापदही मुकाट्यानं शेवटी जातं, आपल्या मराठीसारखं: ‘ओमदात इक मू बेन’, कारण मी दमलेली आहे. तिथं तुला घरी आल्यासारखं वाटेल.

दर पत्रात त्या दिवशी काय केलंस त्याची वाक्यं पाठव. पुस्तकातली नकोत, तुझी हवीत. आणि तुझ्या सासूबाईंना, जमुनामावशीला, माझा नमस्कार सांग, स्पीकरवर.

मंजूताई


अर्जुनी मोरगाव
६ ऑक्टोबर २०२४

ताईंना नमस्कार.

सध्या माहेरी अर्जुनीला आली आहे, आईला बरं नव्हतं. निघायच्या आधी आमगावला अंगणात मोठमोठ्यानं ‘खा इक, खा इक’ करत होती, तर सासूबाई म्हणतात, “कायले खा खा लावलं वो बाई? जेवली नाही का सकाळपासून?” शेजारच्या बाईनं पोहे आणून दिले. आता त्यांना कसं सांगू की हे जाणं आहे.

पण युक्ती सापडली! आमच्या ओळखीचे शालीकराम काका आहेत, जुने प्रॉम्टर. तुम्ही आमगावच्या, पण लहानपणीच नागपूरला गेल्या म्हणून सांगते. झाडीपट्टीत आम्ही नाटक पाठ करत नाही. आज एका गावाला एक नाटक, उद्या दुसऱ्या गावाला दुसरं, पाठ करायला वेळ कुठला? स्टेजच्या पुढं खड्ड्यात प्रॉम्टर वही घेऊन बसतो. तो पहिला शब्द टाकतो, आम्ही उचलतो आणि पुढचं पूर्ण म्हणतो. तर काकांना मी डच वाक्यं लिहून दिली. ते पहिला शब्द देतात, मी सुटते. काका म्हणतात, “बाई, हे भाषा आहे का घसा साफ करणं आहे?” पण देतात.

ही घ्या माझी वाक्यं. ‘फान्दाख खा इक नार वडसा’, आज मी वडशाला जाते. ‘फानआफोंट वेर्क इक’, आज संध्याकाळी मी काम करते. ‘मोर्खन विल इक स्लापेन’, उद्या मला झोपायचंय. ‘इक बेन ब्लै, ओमदात इक वेर्क’. आनंदात आहे, कारण मी काम करते. बरोबर आहे का?

भाग्यश्री


उत्रेख्त
१३ ऑक्टोबर २०२४

चि. भाग्यश्री,

वाक्यं सगळी बरोबर. माझ्या इथल्या डॉक्टर-इंजिनियरांना एवढ्या लवकर जमत नाही. पण तुझ्या त्या काकांना आजच सुट्टी दे.

अगं, आता कळलं तू का नापास झालीस ते! मशीननं टुंग केलं आणि तू खड्ड्याकडे बघत बसलीस. पहिला शब्द येईल म्हणून. परीक्षेत पहिला शब्द कोण देणार तुला, मुंबईचा शिपाई? पहिली जागा मोकळी असते, तिथं तुझ्या हाताला लागेल ते टाकायचं. आज, उद्या, मी, काहीही. पण टाकायचं तू. यापुढं एकटीनं बोलायचं, भिंतीशी बोल, बैलाशी बोल.

आणि एक विचारते. संध्याकाळी तू कसलं ‘वेर्क’ करतेस? वडशाला काय आहे?

मंजूताई


अर्जुनी मोरगाव
२० ऑक्टोबर २०२४

ताई,

घरचंच काम, दुसरं काय. वडशाला मावशी राहते. काकांना सांगितलं, ते हसले.

सध्या घाईत आहे, दिवाळी तोंडावर आली. नंतर सविस्तर लिहिते.

भाग्यश्री


उत्रेख्त
८ डिसेंबर २०२४

चि. भाग्यश्री,

दिवाळी होऊन गेली, तुळशीचं लग्न झालं, तुझं ‘सविस्तर’ काही आलं नाही. मी दोन मेल पाठवले, त्यांना उत्तर नाही. बरी आहेस ना?

काल हेमेंद्र आला होता. त्याचा चेहरा बघवत नव्हता. तुझा फोन लागत नाही, घरी केला तर मावशी म्हणते, “झोपली. अभ्यास करकरून थकते बिचारी.” तो म्हणाला, “ताई, रोज साडेनऊला कोण झोपतं?” मी म्हटलं, अभ्यास करते ती, मला माहीत आहे. पण खरं सांगते, मला काहीच माहीत नाही. तुला इकडं यायचंच नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण ऐकून घेईन. हे असं लटकत ठेवणं मात्र बरं नव्हे. त्यानं तुझ्यासाठी घर बदललंय, खिडकीतून कालवा दिसतो अशी जागा घेतलीय, आणि तिथं एकटा बसून असतो.

मंजूताई


उत्रेख्त
४ जानेवारी २०२५

भाग्यश्री,

हेमेंद्रनं मला एक व्हिडिओ पाठवला आहे. त्याच्या शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर फिरत होता, खाली लिहिलंय ‘आपल्या नाटकाच्या ताईची फाडफाड इंग्रजी’. स्टेजवर हिरव्या साडीत तू आहेस. एक माणूस तुझा हात ओढतोय आणि तू ओरडतेस: ‘फान्दाख खा इक नीत वेख! इक ब्लैफ हीर!’

माझं आधी काय झालं सांगू? मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या. क्रियापद दुसऱ्या जागेवर! नकार जिथं हवा तिथं! न अडखळता! आणि मग अर्थ डोक्यात शिरला. ‘आज मी जाणार नाही. मी इथंच राहते.’

त्यालाही तेवढंच ऐकू आलं. तिथल्या हजार माणसांना कळलं नाही, त्याला कळलं. तो म्हणतो, “तिला मला तोंडावर सांगायचं नव्हतं, म्हणून स्टेजवरून सांगितलं.” मी कितीदा म्हटलं, अरे नाटक आहे ते. तर म्हणतो, “नाटक सोडलं होतं ना तिनं?”

मीही तोच प्रश्न विचारते. माझ्याकडून भाषा शिकलीस आणि माझ्याशीच खोटं बोललीस. वडशाच्या मावशीला माझा नमस्कार सांग.

मंजू


अर्जुनी मोरगाव
६ जानेवारी २०२५

ताई,

रागवा. हक्क आहे तुमचा. पण पूर्ण ऐका.

वडशाला मावशी नाही, नाटक कंपनीचं ऑफिस आहे. मी सीझनचा करार केला, दिवाळी ते होळी. म्हणूनच माहेरी राहिली, आईला काही झालं नव्हतं. गावोगावच्या भिंतीवर माझे पोस्टर लागले आहेत. साऱ्या जिल्ह्याला माहीत आहे, ज्याला कळू नये असं वाटत होतं तोच एक सात समुद्रापार. आणि सासूबाई? त्या दिवाळीनंतरच्या पहिल्याच मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, नाटकाला येऊन बसल्या होत्या. मला वाटलं, झालं आता. तर दुसऱ्या अंकात त्यांनी पदर डोळ्याला लावला तो शेवटपर्यंत काढला नाही. नंतर मला म्हणतात, “पोराले मी पाहून घेतो. तू तुझं काम कर.” तेव्हापासून सासूबाईंच्या फोनवर मी रोज साडेनऊला आमगावात झोपते.

तो व्हिडिओ नवेगाव बांधचा. नाटक त्या दिवशी नवीन, कोणालाच येत नव्हतं. धानकटाई होऊन गेली तरी बल्बाभोवती किडे होते. माझा दीर मला घरातून हाकलून राहिला होता, म्हणजे नाटकातला दीर, आणि नेमका तेव्हा एक किडा शालीकराम काकाच्या तोंडात गेला. काका खोकून राहिले, थांबतच नाहीत. स्टेज सुन्न. दीर तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणतो, “चालती हो!” मला उत्तर द्यायचं आहे आणि पहिला शब्द नाही. ताई, तुम्ही म्हटलं होतं, हाताला लागेल ते टाक. तेच हाताला लागलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या, शिकलेली सून म्हणून. काका खड्ड्यातून माझ्याकडं असे पाहत होते जसा मी त्यांच्या पोटावर पाय दिला.

हेमेंद्रजींना मी काही सांगितलं नव्हतं त्या वाक्यात. पण ते खोटंही नव्हतं. तिथं उभी राहिली की मला खरंच जावंसं वाटत नाही. आणि घरी येऊन मोबाईलमधला त्यांचा फोटो पाहिला की इथं राहवत नाही. मी काय करू?

परीक्षेचं खरं कारण आता सांगते. प्रॉम्टरचं तुम्हीच ठरवलं, मी ‘नाही’ म्हटलं नाही, कारण तेच सोपं होतं. त्याआधीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती मी. मशीननं विचारलं, ‘तुम्ही काय काम करता?’ उत्तर पाठ होतं, हेमेंद्रजींनीच लिहून दिलं होतं: मी गृहिणी आहे. तीन शब्द. पहिला शब्दही माहीत होता. ते बाहेरच नाही आलं, आणि एकदा तिथं अडली की पुढचं सगळं गेलं.

ते वाईट नाहीत ताई. ते म्हणाले होते, दोन दगडांवर पाय नको, आधी परीक्षा दे. पण त्यांनी ‘आधी’ म्हटलं आणि मला ‘कायमचं’ ऐकू आलं. ते तसं म्हणाले की नाही, मी कधी विचारलंच नाही.

भाग्यश्री


उत्रेख्त
१२ जानेवारी २०२५

चि. भाग्यश्री,

तीन दिवस रागात होते, चौथ्या दिवशी हसू आलं. जमुनामावशी! जिनं आम्हाला लहानपणी खोटं बोलल्याबद्दल उन्हात उभं केलं होतं!

मीही एक सांगते. तुझ्या प्रत्येक पत्रानंतर हेमेंद्र मला विचारायचा, आणि मी सांगायचे, ‘मस्त चाललंय, तिला यायची फार ओढ आहे.’ ओढीचं तू कधीच लिहिलं नव्हतंस. मीच माझ्या पदरचं घातलं. त्याला बरं वाटावं म्हणून. हे त्याला सांगून टाकलं, तर आता तो तुझ्यापेक्षा माझ्यावर जास्त चिडलाय.

तुझ्या वतीनं मी त्याच्याशी बोलणार नाही. तुझी सासू बोलली, मी बोलले, शेजारणी बोलल्या, पुष्कळ झालं. परीक्षेला जा आणि तो प्रश्न आला तर खरं उत्तर दे. नट म्हणजे ‘आक्त्यूर’, नटी म्हणजे ‘आक्त्रिस’. मग त्याला स्वतः लिही. काय लिहायचं ते मी सांगणार नाही.

मंजूताई


आमगाव
२२ फेब्रुवारी २०२५

ताईंना नमस्कार.

देऊन आली. सासूबाई सोबत आल्या होत्या, गाडीत सगळ्या डब्याला सांगत होत्या सून फॉरेनची परीक्षा द्यायला चालली म्हणून.

प्रश्न आला. टुंग वाजलं. मी म्हटलं, ‘इक बेन आक्त्रिस. इन द विंटर स्पेल इक एल्क आफोंट.’ मी नटी आहे, हिवाळ्यात मी रोज रात्री खेळ करते. शेजारच्या खुर्चीवरच्या पोरानं हेडफोन काढून माझ्याकडं पाहिलं, एवढा आवाज लागला. त्यानंतर बोलतच गेली. मशीनला काय समजलं, ते मशीन जाणे.

परतीच्या गाडीत हेमेंद्रजींना लिहिलं. पास झाली तर होळीनंतर येते. पण दिवाळीला परत येईन, होळीपर्यंत नाटक करीन, दरवर्षी. चालत असेल तर सांगा, नसेल चालत तर तेही सांगा. पाठवून दिलं. त्यांनी वाचलं, तशा दोन निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. आज आठवडा होऊन राहिला. काल स्टेजवर दोनदा चुकली. दर पाच मिनिटांनी फोन उघडून पाहते. सासूबाई म्हणतात, “अशानं त्याची काच झिजंल.” हसायला येत नाही ताई. एवढ्या दूर माणूस गप्प बसला तर त्याला हलवायचं तरी कसं?

भाग्यश्री


उत्रेख्त
४ मार्च २०२५

चि. भाग्यश्री,

तो मला ‘सांगू नकोस’ म्हणाला आहे, पण लपवालपवी आता पुरे. हेमेंद्रनं परवा मला विचारलं, “ताई, ती स्टेजवर कशी असते?” मी म्हटलं, मला काय ठाऊक, बायको तुझी. तर म्हणतो, “मीही कधी पाहिलं नाही.” दहावीनंतर हॉस्टेल, मग नोकरी, मग इकडं. तुझा फोटो बघून लग्न ठरलं त्याचं. त्या व्हिडिओतल्या काही सेकंदांत त्यानं तुझं काम पहिल्यांदा पाहिलं.

तो निघालाय. होळीच्या आधी पोचेल. राग गेलाय की नाही ते मला कळलं नाही. तू तयारीत राहा.

मंजूताई


आमगाव
१७ मार्च २०२५

ताई,

पास झाली! निकाल होळीच्या आदल्या दिवशी आला. पण ते नंतर. आधी हेमेंद्रजींचं सांगते.

शेवटचा खेळ अर्जुनीला होता. ते सासूबाईंच्या बाजूला बसले होते, स्वेटर घालून, एवढ्या गर्मीत. माझ्याशी बोलले नव्हते, सरळ खेळालाच आले होते. मी सगळं नाटक त्यांच्याकडं न पाहता केलं. सकाळी आमगावला घरी आली तर अंगणात खाटेवर बसून होते. डोळे सुजलेले. मला वाटलं जागरणाचे, सासूबाई म्हणाल्या, “दुसऱ्या अंकापासून तसाच आहे.”

मी चहा ठेवला. ते म्हणाले, “दोन वर्षं झाली, मी तुला रोज ‘ये’ म्हणून राहिलो.” मी म्हटलं, हो. “तू मला एकदा तरी ‘या’ म्हटलं का?”

ताई, मी म्हटलं, तुमची नोकरी, तुम्हाला सुट्टी कुठं मिळते, तुम्हाला हे आवडणार नाही. ते म्हणाले, “विचारलं होतं का?” नव्हतं विचारलं. खोटं बोलली, लपवलं, परीक्षा दिली, अटी लिहून पाठवल्या. पण माझ्या गावाला या, माझं काम पाहा, एवढं काही माझ्या तोंडून कधी निघालं नाही. लग्नाचा नवरा आहे माझा, आणि मी त्याला माझ्या नाटकाचं आवतन दिलं नाही. गावच्या पाटलाला देतो आम्ही. मला एवढं रडू आलं की सासूबाईंनी चहा उतरवला.

मग मी म्हटलं, “या. दिवाळीला या माझ्यासोबत.” ते लगेच हो नाही म्हणाले. ऑफिसला विचारतो म्हणाले, चार महिने देतील असं वाटत नाही, एक देतील. मग मी तीन महिने एकटी, आणि ते तिकडं एकटे. कसं निभेल, माहीत नाही. दोघंही त्याच्यावरून भांडलो, दुपारपर्यंत भांडलो. शेजारच्या बाया आल्या तर त्यांना सासूबाईंनी परत पाठवलं.

ते काल गेले. माझं तिकीट एप्रिलचं आहे.

तुमची,
भाग्यश्री